कानाचं ऑपरेशन झाल्यावर: 'ऐकू येतं का आता?' याच्या पलीकडचं

बोरीकाठ

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातला आहे. धागा आईच्या कानाबद्दल काढतोय, पण अनुभव सगळ्यांचे हवेत.

आईचा डावा कान तिच्या लहानपणापासून फुटायचा. पाऊस लागला की वाहायचा, सर्दी झाली की वाहायचा. घरचाच कापूस, त्याचा बोळा कायम कानात. पंगतीत ती कोपऱ्यात बसायची आणि देवळात खांबाच्या आड. आम्हाला वाटायचं तिला कोपरा आवडतो. गेल्या वर्षी चक्कर सुरू झाली, सीटी स्कॅन केला, तेव्हा कळलं की आत हाड सडत चाललंय. कोलेस्टेटोमा. ऑपरेशनच्या कागदावर लिहिलंय 'मॉडिफाइड रॅडिकल मास्टॉइडेक्टॉमी'.

आता काही महिने झालेत. कान कोरडा आहे, पण ऐकण्याची तपासणी केली तर आलेख जवळपास पूर्वीचाच. मामा म्हणतात, पैसा पाण्यात गेला. येणारा-जाणारा प्रत्येक जण आईच्या त्याच कानाशी जाऊन ओरडतो, 'ऐकू येतं का आता?' आणि तिने मान हलवली नाही की चुकचुकतो. आई म्हणते, 'आते कान व्हास नही ना, मंग बस.'

तिच्या रोजच्या वागण्यात पडलेला फरक मला दिसतो. डाव्या कुशीवर झोपते. श्रावणात कानबाईच्या रोटांना बायकांच्या मधोमध बसली होती. पण त्रासही आहेतच: डोक्यावरून पाणी घ्यायला घाबरते, गार वारा लागला की गरगरतं, जिभेची डावी बाजू 'लाकडासारखी' झालीय म्हणते, आणि कान साफ करायला परत परत जावं लागतं.

तर ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांचं पुढचं आयुष्य कसं चाललंय? आणि ऑपरेशन यशस्वी झालं की नाही, हे मोजायचं कशावर?

---

रावेरचा_केळीवाला

भाऊ, गरगरण्याचं मी सांगतो. माझाही हाच प्रकार, उजवा कान, मागचं हाड कोरलेलं. शेतीची लाईट आमच्याकडे आठवड्याआड रात्रीची. जानेवारीत रात्री दोनला कांदेबागेला पाणी द्यायला गेलो, वारं उजवीकडून होतं, आणि बांधावर उभ्या उभ्या सगळी बाग फिरायला लागली. केळीचं खोड धरून बसून राहिलो. घरचे म्हणाले बीपी, गावातले म्हणाले बाहेरचं काहीतरी लागलं. डॉक्टरांना विचारलं तर ते हसले, म्हणाले, कान झाकत जा.

आता कानटोपी, तिच्यावर रुमाल, आणि कानात व्हॅसलिन लावलेला कापूस. गाडीवर हेल्मेट घातलं तर काहीच होत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढं सांभाळलं की बाकी वर्ष मी विसरून जातो की ऑपरेशन झालंय. विहिरीत पोहणं मात्र गेलं ते गेलंच. त्याचं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

---

चाळीसगावकर

माझ्या मावशीचा कान लसणाची फोडणी दिलेल्या तेलाने बरा झाला. ऑपरेशन केलंच नाही. आधी ते करून बघायला हवं होतं.

---

कानाघसा_डॉ

चाळीसगावकर, पडद्याला भोक असेल तर तेल थेट मधल्या कानात उतरतं. वाहणारा कान अधूनमधून आपोआप थांबतोच, आणि श्रेय त्या दिवशी जे घातलं असेल त्याला मिळतं. ज्या कानात हाड सडतंय त्यात तेल घालून गेलेली वर्षं परत मिळत नाहीत. याच्यावर वाद घालणार नाही, धागा चांगला आहे.

बोरीकाठ, मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, खानदेशातच. थोडं लांबण लावतो.

लोक 'कानाचं ऑपरेशन' असं एकाच नावाने बोलतात, पण आत दोन अगदी वेगळे आजार आहेत. एकात पडद्याला मध्ये भोक असतं, सर्दीबरोबर कान वाहतो, जिवाला सहसा धोका नसतो. दुसऱ्यात बाहेरच्या त्वचेसारखी त्वचा आत मधल्या कानात वाढत जाते, तिचा कोंडा साठतो आणि ती आजूबाजूचं हाड खात जाते. तोच कोलेस्टेटोमा. सगळ्यात आधी बहुधा ऐकण्याच्या साखळीतलं मधलं हाड, म्हणजे ऐरण, झिजतं. मग तोल सांभाळणाऱ्या नळीला भोक पडू शकतं, चेहऱ्याची नस उघडी पडते, आणि वरच्या बाजूला तर मेंदूच आहे. तोंड वाकडं होणं, मेंदूज्वर, मेंदूत पू होणं, हे सगळं अजूनही आपल्या वॉर्डात बघायला मिळतं. आईंना चक्कर आली म्हणजे आजार बराच आत पोचला होता, असं मी धरून चालतो.

म्हणून या दुसऱ्या आजारात सर्जनचा क्रम ठरलेला असतो. पहिलं काम जीव सुरक्षित करणं, दुसरं कान कोरडा करणं, आणि ऐकू येणं तिसरं. मामा तिसऱ्या नंबरावरून पहिल्या दोनांचा निकाल लावतायत. चूक त्यांची नाही, ऑपरेशनच्या आधी कोणीतरी नातेवाइकांना समोर बसवून हे सांगायला हवं होतं. आम्ही डॉक्टर मंडळी सही घेताना घाईत असतो.

आता गरगरणं. मॉडिफाइड रॅडिकलमध्ये कानाच्या नळीची मागची भिंत काढून टाकतात, त्यामुळे कानामागचं हाड आणि कानाची नळी मिळून एकच मोठी पोकळी होते. तोलाची आडवी नळी त्या पोकळीत जवळजवळ उघड्यावर येते. गार वारा किंवा पाणी लागलं की तिच्यातला द्रव थंड होऊन हलतो आणि मेंदूला वाटतं डोकं फिरतंय. तोलाची तपासणी आम्ही याच तत्त्वावर करतो: कानात ३० अंशांचं आणि ४४ अंशांचं पाणी सोडायचं, शरीराच्या तापमानापेक्षा सात अंश खाली आणि सात अंश वर. तेव्हा केळीवाल्यांना बाहेरचं काही लागलेलं नव्हतं. आईंना अंघोळीला कोमट पाणी द्या, कानात व्हॅसलिनचा कापूस ठेवा. कानात टाकायचे थेंबसुद्धा बाटली तळहातात धरून जरा उबदार करून मगच टाका.

जिभेचं कारण वेगळं. चवीची एक बारीक नस मधल्या कानातूनच जाते, पडद्याच्या अगदी मागून. आजार काढताना ती ताणली जाते, कधी कापावीही लागते. जिभेच्या त्या बाजूला धातूसारखी किंवा बोथट चव येते. बहुतेकांना काही महिन्यांत फरक पडतो किंवा सवय होते.

---

रावेरचा_केळीवाला

४४ अंश म्हणजे डॉक्टर, जळगावचा मे महिना! आमची तपासणी सरकार दरवर्षी फुकट करतं 😀

---

कानाघसा_डॉ

😀 हवेपेक्षा पाण्याचा परिणाम बराच जास्त असतो, म्हणून वाचता. पण भर उन्हात मोटरसायकलवर झळ लागून गरगरल्याचं सांगणारे पेशंट मलाही भेटलेत. उपरणं बांधा.

---

शिरपूरकर_पुण्यात

डॉक्टरांनी दोन आजार वेगळे केले ते बरं झालं, कारण माझा अनुभव बोरीकाठ यांच्या आईंच्या अगदी उलट आहे आणि तो वाचून कोणाचा गैरसमज नको.

माझ्या फक्त पडद्याला भोक होतं. कानाच्या वरच्या स्नायूवरचं पातळ आवरण काढून त्याचा नवा पडदा बसवला, टिंपॅनोप्लास्टी. जागेपुरतीच भूल होती, त्यामुळे आतली खरखर सगळी ऐकली. पहिल्यांदा बसवलेला पडदा टिकला नाही, एका बारीक कोपऱ्यात परत भोक पडलं. दुसऱ्या वेळी कानाच्या कूर्चेचा तुकडा वापरला, तो धरला.

ऐकू यायला लागलं त्याचा आनंद झाला, पण सुरुवातीला वैताग जास्त. शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या, पंख्याची घरघर, आणि स्वतःचं जेवण! कळण्याच्या भाकरीबरोबर कच्चा कांदा खाताना डोक्यात गिरणी चालू. घरचे म्हणायचे, आता तू हळू बोलतोस, आम्हाला ऐकू येत नाही. म्हणजे आधी मी सगळ्यांवर ओरडत होतो आणि कोणी सांगितलं नाही.

सहा-आठ आठवडे नाक जोरात शिंकरायचं नाही आणि शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, एवढं पथ्य कडक पाळा. बाकी कानामागची जागा बरेच महिने बधिर राहते, चष्म्याची काडी लागलेली कळत नाही. त्याला घाबरू नका.

---

अनामिका_ज

रोजच्या नावाने लिहीत नाहीये, कारण पुढे कळेल.

इथे आत्तापर्यंत ऐकणं, चक्कर, चव सगळं आलं. वासाबद्दल कोणीच बोललं नाही. बोरीकाठ दादा, तुमची आई कोपऱ्यात का बसायची याचा तुम्ही विचार केलात तर उत्तर तिथेच आहे.

माझा कान शाळेपासून वाहायचा आणि त्याला वास यायचा. कुजका, नेमका ओळखू येणारा. हॉस्टेलवर मुलीने खोली बदलून मागितली, कारण दुसरंच सांगितलं. एका बाकावर कोणाच्या डाव्या बाजूला बसायचं याचं माझं गणित पक्कं होतं. कोणी कानात काही सांगायला वाकलं की मी आधीच मागे सरकायचे. मैत्रिणींना वाटायचं मी शिष्ट आहे. बघण्याच्या कार्यक्रमात आई अत्तर लावायची आणि मला वारं येईल त्या बाजूच्या खुर्चीवर बसवायची. दोन ठिकाणी होकार आला आणि 'कानाचं काहीतरी आहे' असं कळल्यावर मोडलं.

माझंही मागचं हाड काढलेलं आहे. ऐकण्यात थोडा फरक पडला, फार नाही. कानाचं भोक मोठं केलंय, आत साफ करता यावं म्हणून, ते निरखून बघितलं तर दिसतं. केसांनी झाकते, कधी विसरते. कानामागचा व्रण तर कोणाला दिसतही नाही. पण वास गेला. बसमध्ये खिडकीकडची जागा शोधत नाही मी आता. एवढं लिहून थांबते.

आणि हो, लग्न झालं. मी आधीच सगळं सांगून टाकलं होतं.

---

बोरीकाठ

अनामिका ताई, तुमचं वाचून उठलो आणि आईला थेट विचारलं. ती म्हणाली, 'तुले आते कळनं?' पुढे काही बोलली नाही. मीही नाही.

---

लोकोशेड

सगळं गोड चाललंय म्हणून मी जरा कडू लिहितो. भुसावळ, रेल्वेतून रिटायर. एकाच कानाची दोन ऑपरेशनं झाली आणि आता तो परत वाहतोय.

पहिल्या वेळी मला सांगितलं की मागची भिंत ठेवलीय, त्यामुळे पोकळी होणार नाही, पोहायलाही जाता येईल. ऐकून बरं वाटलं. काही महिन्यांनी परत आत बघावं लागतं, हे मला कोणी नीट सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल तर भुलीच्या गुंगीत. कान कोरडा होता, मी कशाला जाऊ? त्वचा आत परत वाढत होती, बाहेरून काहीच कळत नव्हतं. दुसऱ्या वेळी भिंत काढली.

आणि ते 'जीवनाचा दर्जा सुधारला' वगैरे जे छापून येतं, ते फॉर्म दवाखान्यातच भरून घेतात ना? डॉक्टर समोर उभा असताना कोण लिहील की माझं वाईट झालं?

---

कानाघसा_डॉ

लोकोशेड साहेब, तुमचा राग रास्त आहे. भिंत ठेवली तर कान नैसर्गिक राहतो, पाण्याचं पथ्य कमी, ऐकण्याचं मशीन बसवायला सोपं. पण आजार मागे राहण्याची किंवा परत येण्याची शक्यता जास्त. म्हणून साधारण वर्षभराने परत उघडून बघतात, किंवा आता ठरावीक प्रकारच्या एमआरआयने ती त्वचा न उघडता शोधता येते. भिंत काढली तर आजार परत येण्याचं प्रमाण कमी, पण ती पोकळी जन्मभर सांभाळायची. जो पेशंट तपासणीला परत येईल याची खात्री नाही, त्याची भिंत आमच्यातले बरेच जण काढूनच टाकतात. नंदुरबारच्या पाड्यावरून आलेला माणूस ऊसतोडीला निघून गेला तर वर्षाने येईलच कसा? इथे ऑपरेशन निवडताना कानाइतकीच एसटी बघावी लागते.

फॉर्मबद्दलची तुमची शंका बरोबर आहे, जगभर घेतली जाते. पण फॉर्म तितके भोळे नाहीत. ग्लासगो बेनिफिट इन्व्हेंटरी नावाची १८ प्रश्नांची यादी आहे, तिचे गुण उणे १०० ते अधिक १०० असे असतात, म्हणजे 'वाईट झालं' याला रीतसर जागा आहे. खास वाहत्या कानासाठी जर्मनीत तयार झालेली १५ प्रश्नांची कोमॉट-१५ आहे. इंग्लंडची सीओएमक्यू-१२ मला सगळ्यात माणसाळलेली वाटते. बारा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते पाच गुण, एकूण ६०, आणि जितके गुण जास्त तितका त्रास जास्त. त्यात कान वाहतो का, वास येतो का, घरात ऐकायला त्रास होतो का, माणसांच्या घोळक्यात होतो का, चक्कर, कानातला आवाज, अंघोळ करता येते का, मन खचतं का, डॉक्टरकडे किती वेळा जावं लागतं, औषध किती लागतं, असं सगळं आहे. अनामिका ताईंचा वास तिथे आहे, आणि लोकोशेड साहेबांचे हेलपाटेही.

अशा अभ्यासांमधून पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट ही, की ऐकण्याच्या आलेखातला फरक आणि पेशंटला वाटणारा फरक यांचा मेळ फारसा घट्ट नसतो. दुसरा कान चांगला असेल तर आलेख सुधारूनही माणसाला विशेष जाणवत नाही. उलट आलेख तसाच राहून कान कोरडा झाला तर त्याला आयुष्य सुटल्यासारखं वाटतं. आणि भिंत ठेवलेले विरुद्ध काढलेले, यांच्या जीवनाच्या दर्जात पुष्कळ अभ्यासांना मोठा फरक सापडलेला नाही. मला स्वतःला याचं आधी आश्चर्य वाटलं होतं.

---

लोकोशेड

मोठा फरक नाही म्हणता, आणि मी पोहण्यासाठी भिंत ठेवायला हो म्हटलं होतं! असो. कागद कोणता जपून ठेवायचा तेवढं सांगा. माझं पहिलं ऑपरेशन जिथे झालं तिथे आता जुनी फाइल सापडत नाही म्हणतात.

---

कानाघसा_डॉ

डिस्चार्ज कार्डापेक्षा ऑपरेशन नोट महत्त्वाची. भिंत ठेवली की काढली, कोणती हाडं होती, चेहऱ्याची नस उघडी होती का, आत टायटॅनियमचं कृत्रिम हाड बसवलंय का, हे तिच्यात असतं. पुढचा डॉक्टर ती वाचून निम्मं काम वाचवतो. मागून घ्या, लाजू नका. आणि मोबाइलमध्ये फोटो काढून घरातल्या दोघांकडे पाठवून ठेवा.

---

डेसिबल

मी ऑडिओलॉजिस्ट आहे. शहादा-तळोद्याकडचे पेशंट बघते. इथे ऐकण्याचा मुद्दा जरा मागे पडलाय, म्हणून लिहिते.

एका कानाने नीट ऐकू येत असेल तर समोरासमोर बोलणं जमतं, म्हणून घरच्यांना वाटतं काही बिघडलेलं नाही. बिघडतं ते दोन ठिकाणी: आवाज कुठून आला ते कळत नाही, आणि गोंगाटात शब्द सुटे होत नाहीत. जिनिंगमध्ये काम करणारा एक पेशंट होता. सरकी-रुईच्या त्या धडधडाटात मागून ट्रॅक्टर रिव्हर्स येतोय हे त्याला दोनदा कळलं नव्हतं. त्याच्या मुकादमाला मी एवढंच सांगितलं की याला चांगला कान रस्त्याकडे राहील अशा जागी उभं करा. मशीनपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

पोकळी असलेल्या कानात साधं मशीन लावलं तर त्याचा साचा भोक बंद करतो, आत दमटपणा साठतो आणि कान परत वाहायला लागतो. हवा खेळेल असं छिद्र ठेवलेला साचा बनवून घ्या, नाहीतर हाडातून आवाज देणारं मशीन असतं, पट्ट्यावरचं किंवा ऑपरेशनने बसवायचं. बसवायचं महाग आहे. पट्ट्यावरचं आधी लावून बघता येतं, आवडलं तर पुढचा विचार.

घरच्यांसाठी: 'ऐकू येतं का' असं कानाशी ओरडू नका. समोर या, तोंड दिसू द्या, नेहमीच्या आवाजात बोला. बोरीकाठ, हे मामांना आवर्जून सांगा 🙂

---

खापरावरची

एक विचारायचं होतं. माझ्या जावेचा एक कान ऑपरेशननंतर पूर्ण गेला. अपंगत्वाचं सर्टिफिकेट मिळेल का? कोणी म्हणतं मिळतं, कोणी पैसे मागतं.

---

डेसिबल

ताई, पैसे कोणालाच देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांचा हिशेब आहे. दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल तूट असेल तर कमी ऐकू येणारे, आणि ७० किंवा जास्त असेल तर कर्णबधिर. एकच कान गेला आणि दुसरा चांगला असेल तर त्यात बसत नाही. अन्याय वाटतो हे खरं. तरी जाऊबाईंचा दुसरा कान तपासून ठेवा, हा आजार पुष्कळदा दोन्हीकडे असतो आणि एकीकडे आधी बोलतो.

---

खापरावरची

कळलं. दुसरा कान दाखवते. आभारी आहे.

चवीबद्दल एक सांगू? माझं ऑपरेशन नोव्हेंबरमध्ये झालं, नेमकं भरताचं दिवस. घरात बामणोदची वांगी भाजलेली, सगळे हाणतायत आणि मला नुसता धूर लागतोय. मिरची झोंबायची, पण मिरचीची चव नाही. चिडून मी स्वयंपाकात मीठ वाढवत गेले आणि घरातले गप खात राहिले, सासूबाई तेवढ्या बोलल्या. आखाजीपर्यंत (अक्षय तृतीया) बरीच परत आली. त्या काळात मीठ दुसऱ्या कोणाला तरी चाखायला लावा.

---

सातपुडा_पायथा

खर्चाचं कोणी लिहिलं नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना बघा. २०१२ मध्ये ती राजीव गांधी जीवनदायी नावाने सुरू झाली तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत आपलं धुळे होतं. आता कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. तुमचं ऑपरेशन कोणत्या पॅकेजमध्ये बसतं ते भरती होण्याआधी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, नंतर विचारून उपयोग नसतो. आणि धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्ही ठिकाणी आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, आधी सगळ्यांना धुळ्यालाच पळावं लागायचं.

पण खरा खर्च नंतरचा. ऑपरेशन योजनेत बसतं. पोकळी साफ करायला जायचं त्या दिवसाची मजुरी आणि बसभाडं कोणत्या योजनेत बसतं? माझ्या भावाने याच्यामुळे दोन वर्षं दाखवलंच नाही. आत मळ आणि कोंड्याचा दगड झाला होता.

---

बोरीकाठ

हाच प्रश्न मलाही आहे. डॉक्टर, साफ करायला किती वेळा जायचं? आणि हे घरी किंवा गावातल्या डॉक्टरकडे होईल का?

---

कानाघसा_डॉ

सुरुवातीला वरचेवर, आतली त्वचा नीट धरेपर्यंत. तिला दोन-तीन महिने लागतात, काहींना जास्त. नंतर कोरडी, स्थिर पोकळी असेल तर सहा महिन्यांनी ते वर्षातून एकदा. कायमचं. बाहेरच्या कानाची त्वचा आपला मळ आपोआप बाहेर ढकलत असते, मोठ्या पोकळीत ते नीट जमत नाही, म्हणून हे करावं लागतं.

घरी अजिबात नाही. काडी नाही, केसाची पिन नाही, आणि पिचकारी तर नाहीच. हे सूक्ष्मदर्शकाखाली किंवा दुर्बिणीने बघत, सक्शनने करायचं काम आहे. तालुक्याच्या ठिकाणी कान-नाक-घशाचा डॉक्टर बसत असेल तर त्याच्याकडे होतं, ऑपरेशन केलेल्याकडेच जायला हवं असं नाही. तिथे ती ऑपरेशन नोट कामी येते. आईंचं गावाला दुसरं काही काम निघेल तेव्हा त्याला जोडून तारीख घ्या. माझ्याकडे एक आजोबा दरवर्षी सारंगखेड्याची यात्रा उरकून येतात, आजवर एकदाही चुकले नाहीत.

मधल्या काळात तीन गोष्टींना थांबायचं नाही: कान परत वाहायला लागला, चक्कर आधीपेक्षा वेगळी आणि दिवसभर राहिली, किंवा चेहऱ्याची एक बाजू ढिली वाटली. कान दुखून ताप आणि डोकं जोरात दुखायला लागलं तर त्याच दिवशी मोठा दवाखाना.

---

बोरीकाठ

डॉक्टरांनी सांगितलेले ते बारा प्रश्न काल रात्री आईला अहिराणीत विचारले. डॉक्टरी पद्धतीने नव्हे, आपले गप्पा मारता मारता. ऑपरेशनच्या आधीचे आणि आताचे, दोन्ही. आधीचे बहुतेक ठिकाणी तिने चार नाहीतर पाच सांगितले. आता वास शून्य, वाहणं शून्य, मन खचणं शून्य. अंघोळीला तीन, चक्करला दोन, घोळक्यात ऐकण्याला चार. डॉक्टरकडे जाण्याचे तिने पाच सांगितले आणि वर म्हणाली, तुझी रजा जाते ना.

मामा शेजारीच बसले होते. ते म्हणाले, घोळक्यात चार म्हणजे ऐकू येतच नाही की. आई म्हणाली, घोळक्यात जाते तरी!

गरगरण्यावर कोमट पाणी सुरू केलंय. आता तिचा एकच हट्ट आहे, आखाजीला झोका घ्यायचा. देऊ का?

---

कानाघसा_डॉ

पोकळी कोरडी आणि चक्कर फक्त वाऱ्या-पाण्याची असेल तर द्या. कानात कापूस, डोक्यावरून पदर घट्ट, आणि पहिले चार झोके तुम्ही हळू द्या. आधी एकदा तपासून घ्या मात्र, आत तोलाच्या नळीला भोक होतं की नाही ते ऑपरेशन नोटमध्ये असेल. असेल तर मला विचारल्याशिवाय नको.

---

रावेरचा_केळीवाला

आणि मामांना खाली झोका धरायला उभं करा.

---

नवीन_सभासद_पाचोरा

सगळा धागा वाचला. माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे, दोन्ही कान वाहतात. गावातले डॉक्टर म्हणतात मोठा झाला की आपोआप बंद होईल. थांबू का?

---

कानाघसा_डॉ

थांबू नका. प्रत्येक वाहता कान ऑपरेशनचा नसतो, पण कोणत्या जातीचा आहे हे आत बघितल्याशिवाय कळत नाही, आणि लहान मुलांत कोलेस्टेटोमा मोठ्यांपेक्षा जास्त आक्रमक असतो, काढल्यावर परतही जास्त येतो. या आठवड्यात दुर्बिणीने कान तपासून घ्या आणि ऐकण्याची तपासणी करा. तोवर कान कोरडा ठेवा, पोहायला पाठवू नका, आणि मनाने कोणतेही थेंब टाकू नका, काही थेंबांनी आतल्या कानाला इजा होते. शाळेत त्याला पुढच्या बाकावर बसवायला सांगा. मुलांसाठी वेगळा धागा काढा, इथे हरवून जाईल.

---

नवीन_सभासद_पाचोरा

काढतो. सोमवारची वेळ घेतली आहे.